कीटो आहार : कोणासाठी, कशासाठी आणि किती दिवस?



आखाडा बाळापूर हे हिंगोली जिल्ह्यातील कळमनुरी तालुक्याचे बाजाराचे गाव. नांदेडहून हिंगोलीकडे जाताना ते वाटेत लागते. आसपासच्या शिवारात सोयाबीन, तूर, हरभरा, हळद, कापूस आणि ज्वारी पिकते. इथल्या ताटात ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, एखादी भाजी आणि तोंडी लावायला शेंगदाण्याची किंवा जवसाची चटणी असते. आता याच ताटाविषयी मोबाइलवरून एक नवी शिकवण येऊ लागली आहे. भाकरी सोडा, भात सोडा, केळी आणि डाळही सोडा; तूप, लोणी, पनीर, अंडी खा; वजन उतरेल आणि मधुमेह पळून जाईल, असे ती सांगते. या आहाराला कीटो आहार म्हणतात. दुसऱ्या बाजूला तितक्याच ठासून बोलणारेही आहेत. ते म्हणतात, हा आहार म्हणजे विषच. आपले वाडवडील भाकरी खाऊनच धडधाकट राहिले.

माझ्या मते या दोन्ही बाजू घाई करतात. ‘कीटो चांगला की वाईट?’ हा प्रश्नच अपुरा आहे. त्याला चार प्रश्न जोडावे लागतात : कोणासाठी? कशासाठी? कशाच्या तुलनेत? आणि किती दिवस? हे चार प्रश्न जोडले, की शास्त्रज्ञांनी केलेल्या चाचण्यांतून बऱ्यापैकी स्पष्ट उत्तरे मिळतात.

ही उत्तरे शाळकरी मुलांना कशाला हवीत, असे तुम्ही विचाराल. पाहा, पुष्कळ घरांत आजोबांच्या गोळ्यांच्या पाकिटावरचे नाव वाचणारे तुम्हीच असता. रक्ततपासणीचा कागदही तुमच्याच हाती दिला जातो. मोबाइलवर आलेला सल्ला मोठ्याने वाचून दाखवतानाही तुम्हीच असता. तेव्हा तो सल्ला पारखण्याची पहिली जबाबदारी आपोआप तुमच्याकडे येते.

शरीरात काय घडते?

भाकरी, भात, पोळी, बटाटा यांत पिष्टमय पदार्थ असतात. त्यांचे पचन होऊन ग्लुकोज तयार होते. एकट्या मेंदूलाच मोठ्या माणसात दिवसाला सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज लागते. शरीर थोडे ग्लुकोज ग्लायकोजेनच्या रूपाने साठवूनही ठेवते. यकृतात सुमारे १०० ग्रॅम आणि स्नायूंत सुमारे ४०० ग्रॅम, एवढाच हा साठा असतो.

आता समजा, जेवणातून पिष्टमय पदार्थ जवळजवळ काढून टाकले. मग यकृतातला साठा एक-दोन दिवसांत संपत येतो. शरीरात चरबी पुष्कळ असते. पण चरबीतली मेदाम्ले मेंदूला इंधन म्हणून फारशी उपयोगी पडत नाहीत. तेव्हा यकृत त्या मेदाम्लांपासून छोटे रेणू बनवू लागते. यांना कीटोन द्रव्ये म्हणतात. ती रक्तातून मेंदूत पोचतात आणि तेथे इंधन म्हणून वापरली जातात. अमेरिकेत जॉर्ज केहिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ साली, कित्येक आठवड्यांच्या उपवासावर ठेवलेल्या स्थूल व्यक्तींचा अभ्यास करून हे दाखवून दिले. उपास लांबला तरी माणसाचा मेंदू चालू राहतो, तो या सोयीमुळे. कीटोन द्रव्यांपैकी अॅसिटोन श्वासावाटे बाहेर पडते, म्हणून अशा वेळी तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास येतो.

उपास न करताच शरीराला या अवस्थेत ठेवणे, हा कीटो आहाराचा हेतू. त्यासाठी दिवसभरातले पिष्टमय पदार्थ साधारण २० ते ५० ग्रॅमपर्यंत उतरवावे लागतात. हा आकडा केवढा, ते आपल्या भाकरीवरून पाहू. १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात सुमारे ७० ग्रॅम पिष्टमय पदार्थ असतात. एका मध्यम भाकरीला ७० ग्रॅम पीठ लागले असे धरा. म्हणजे एका भाकरीत सुमारे ५० ग्रॅम झाले. दिवसाची सगळी मर्यादा एका भाकरीतच संपली! मग वरण नाही, केळे नाही आणि चहातली साखरही नाही.

म्हणून नुसती एक भाकरी कमी केली, याला कीटो म्हणत नाहीत. आपल्याकडे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी प्रसार केलेला दिवसातून दोनच वेळा जेवण्याचा परिपाठही वेगळा. त्याचा भर जेवणांच्या संख्येवर आहे आणि त्यात भाकरीला बंदी नाही. नावे एकमेकांत मिसळली, की एका आहाराचे अनुभव दुसऱ्याच्या नावावर जमा होतात. एवढा घोटाळा टाळला तरी अर्धी चर्चा सुधारेल.

मुळात हे होते एक औषध

कीटो आहाराचा जन्म वजन उतरवण्यासाठी झाला नाही, हे ऐकून तुम्हाला नवल वाटेल. तो अपस्मारासाठी, म्हणजे ज्याला आपण फिट, फेफरे किंवा मिरगी म्हणतो त्या विकारासाठी निघाला. उपासाने फिट कमी होतात, हे फार पूर्वीपासून लोकांच्या ध्यानात आले होते. पण मुलांना किती दिवस उपाशी ठेवणार? १९२१ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉ. रसेल वाइल्डर यांनी सुचवले, की भरपूर स्निग्ध पदार्थ आणि अगदी थोडे पिष्टमय पदार्थ दिले, तर उपासाचा परिणाम खाऊनपिऊन साधता येईल. पुढे १९३८ साली फेनिटॉइन हे औषध उपयोगात आले. गोळी देणे सोपे असल्याने हा आहार मागे पडला. १९९० नंतर त्याच्याकडे पुन्हा लक्ष गेले.

तो खरोखर उपयोगी आहे का, हे ठरवायला निष्पक्ष चाचणी हवी. लंडनमध्ये अशी चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. औषधांनी फिट न थांबलेली १४५ मुले घेऊन चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे त्यांचे दोन गट पाडले. एका गटाला लगेच कीटो आहार दिला आणि दुसऱ्याला तीन महिने थांबवले. औषधे दोघांचीही चालू होती. तीन महिन्यांनी मोजले, तेव्हा आहाराच्या गटातल्या ७३ पैकी २८ मुलांच्या फिट निम्म्याहून कमी झाल्या होत्या. दुसऱ्या गटातल्या ७२ पैकी अशी मुले केवळ ४ होती. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील चाचणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. तीत किंचित सैल केलेला आहार १०२ मुलांच्या दोन गटांत तपासला. आहार घेतलेल्यांपैकी ५२ टक्के मुलांच्या फिट निम्म्याहून अधिक घटल्या. इतरांत हे प्रमाण ११.५ टक्के होते. मुंबईचे मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. जनक नाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीही भारतीय मुलांवरचा आपला अनुभव २००९ साली बालरोगतज्ज्ञांच्या नियतकालिकात मांडला.

दुसरा गट कशाला ठेवतात, हे समजून घ्या. फिट कधी आपोआपही कमी-जास्त होतात. दुसरा गट नसता, तर आपोआप झालेल्या सुधारणेचे श्रेयही आहारालाच गेले असते.

पण याच चाचण्या नीट वाचल्या, तर आणखी काही दिसते. लंडनच्या ७३ पैकी ४५ मुलांना एवढा गुण आला नाही. हा आहार सोपाही नाही. जुन्या काटेकोर पद्धतीत ४ ग्रॅम स्निग्ध पदार्थांमागे प्रथिने आणि पिष्टमय पदार्थ मिळून फक्त १ ग्रॅम देतात. एक ग्रॅम स्निग्ध पदार्थातून ९ कॅलरी आणि इतरांतून ४ कॅलरी मिळतात, हे धरून हिशेब करा : ९० टक्के ऊर्जा तेलातुपातून आली. प्रत्येक घास तराजूवर तोलावा लागतो. बद्धकोष्ठ होते, काही मुलांना मूतखडे होतात, रक्तातले कोलेस्टेरॉल वाढू शकते, वाढीचा वेग मंदावतो. म्हणून जीवनसत्त्वे आणि खनिजे वेगळी द्यावी लागतात आणि डॉक्टर व आहारतज्ज्ञ वरचेवर तपासण्या करतात. हा आहार म्हणजे मात्रा ठरवून दिलेले औषधच आहे.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगतो. फिट येणाऱ्या मुलाला कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, आणि त्याला देवऋष्याकडेही नेऊ नका. त्याला कुशीवर वळवा, दातांत काही घालू नका आणि नंतर डॉक्टरांकडे न्या. फिट पाच मिनिटांत थांबली नाही, तर लगेच दवाखाना गाठा. योग्य औषधे नियमित घेतली, तर दहापैकी सुमारे सात रुग्णांच्या फिट थांबू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आहाराचा विचार येतो तो पुढचा, औषधे अपुरी पडल्यावर. अपवाद काही विरळ विकारांचा. कोणी ‘गोळ्या बंद करून कीटो करा’ असे म्हणाले, तर ते ऐकू नका.

वजनाची गोष्ट

आता लोकांचा आवडता दावा पाहू : कीटोने वजन झपाट्याने उतरते. पहिल्या आठवड्यात ते उतरते, हे खरे आहे. पण का? ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी साठलेले असते. ५०० ग्रॅम ग्लायकोजेनचा साठा बराचसा संपला आणि त्याबरोबरचे पाणी गेले, की काटा दीड-दोन किलोंनी खाली येतो. त्यात चरबी थोडीच असते. पुन्हा भाकरी सुरू केली, की पाणी परत येते. आठ दिवसांत वजन घटल्याची छायाचित्रे पाहाल, तेव्हा हे पाणी आठवा.

पुढे काय होते? २००३ साली अमेरिकेत ६३ स्थूल व्यक्तींवरची एक चाचणी प्रसिद्ध झाली. तीत अतिशय कमी पिष्टमय पदार्थांचा अॅटकिन्स आहार आणि नेहमीचा कमी स्निग्ध पदार्थांचा आहार यांची तुलना होती. सहा महिन्यांनी पहिल्या गटाचे वजन सरासरी ७ टक्के घटले होते, दुसऱ्याचे ३.२ टक्के. पण वर्षअखेर ते आकडे ४.४ आणि २.५ असे झाले, आणि हा फरक केवळ योगायोगानेही पडू शकेल इतका लहान होता. चाचणी सहा महिन्यांवरच थांबवली असती, तर निष्कर्ष वेगळा निघाला असता. ‘किती दिवस?’ हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा.

२०१८ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील ६०९ व्यक्तींची वर्षभराची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. त्यांतल्या बहुतेकांनी पिष्टमय पदार्थ कीटोइतके खाली ठेवले नव्हते. कमी स्निग्ध पदार्थ खाणाऱ्यांचे वजन सरासरी ५.३ किलो घटले, कमी पिष्टमय पदार्थ खाणाऱ्यांचे ६ किलो. म्हणजे जवळजवळ सारखेच. साखर आणि मैदा टाळून भाज्या खाण्याचा सल्ला दोन्ही गटांना दिला होता. मला वाटते, खरा धडा तिथेच आहे.

मधुमेहाची गोष्ट

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. तेव्हा भाकरी कमी केल्याने साखर उतरते का, हा प्रश्न घरोघरचा आहे. उत्तर : होय, उतरते. पिष्टमय पदार्थ कमी घेतले, तर रक्तात ग्लुकोज कमी येणार, हे उघड आहे. अमेरिकेत २६२ मधुमेही व्यक्तींनी डॉक्टरांच्या देखरेखीखाली कीटो आहार घेतला. वर्षभराने त्यांची तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा आकडा ७.६ वरून ६.३ वर आला आणि अनेकांची औषधे कमी झाली. हे २०१८ साली प्रसिद्ध झाले. निकाल चांगलाच आहे. मात्र या लोकांनी आहार स्वतःहून निवडला होता, इथे चिठ्ठ्या टाकल्या नव्हत्या. आणि निश्चयी माणसे इतर बाबतींतही काळजी घेतात.

म्हणून २०२२ सालची स्टॅनफर्डची चाचणी पाहावी. ती लहान होती, सुमारे ४० जणांची. प्रत्येकाने बारा आठवडे कीटो आहार घेतला आणि बारा आठवडे भाज्या, कडधान्ये, फळे, अख्खी धान्ये आणि ऑलिव्ह तेल असलेला भूमध्यसागरी पद्धतीचा आहार घेतला. दोन्ही आहारांत साखर व मैदा वर्ज्य होते. सरासरी साखर दोन्हींत जवळपास सारखीच उतरली. रक्तातले ट्रायग्लिसराइड हे मेद कीटोने अधिक घटले, ही त्याची जमेची बाजू. पण हृदयविकाराशी संबंध असलेले एलडीएल कोलेस्टेरॉल कीटोत सुमारे १० टक्के वाढले, तर दुसऱ्या आहारात सुमारे ५ टक्के घटले. कीटोत तंतूही कमी मिळाले. म्हणजे कडधान्ये आणि फळे सोडण्याचा त्रास सोसून साखरेच्या बाबतीत काही जास्तीचे पदरात पडले नाही.

धोक्याची गोष्ट वेगळीच आहे. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असताना भाकरी एकदम बंद केली, तर साखर फार खाली जाऊन माणूस बेशुद्ध होऊ शकतो. ज्यांच्या शरीरात इन्शुलिन तयारच होत नाही, त्यांनी ते थांबवले, तर कीटोन द्रव्ये बेसुमार वाढून रक्त आम्लधर्मी होते. ही अवस्था प्राणघातक असते. नव्या प्रकारच्या काही गोळ्यांबरोबर कीटो केल्यासही हाच धोका असतो. घरातल्या कोणी मोबाइलवर ऐकून असे काही सुरू केले, तर वाद घालत बसू नका. चालू औषधांची यादी करा आणि त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जा.

मग आपले ताट बरोबरच आहे का?

इथे कीटोच्या विरोधकांनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. ‘आमची भाकरीच श्रेष्ठ’ म्हणून मोकळे होता येत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाठबळावर झालेला देशव्यापी अभ्यास २०२५ साली प्रसिद्ध झाला. त्यात आढळले, की भारतीयांच्या आहारातली सुमारे ६२ टक्के ऊर्जा पिष्टमय पदार्थांतून येते, प्रथिनांतून केवळ १२ टक्के. नुसता भात काढून त्याजागी तितकीच पोळी किंवा ज्वारी-बाजरी घेतली, तर मधुमेहाचा धोका कमी झाल्याचे दिसले नाही. पिष्टमय पदार्थांतला थोडा वाटा डाळी, दूध यांच्या प्रथिनांना दिला, तर मात्र धोका कमी असल्याचे दिसले.

त्याआधी, २०२२ साली, याच पाहणीच्या माहितीवरून संशोधकांनी गणिताने अंदाज काढला होता. मधुमेह मागे हटवायचा असेल, तर पिष्टमय पदार्थांतून ४९ ते ५४ टक्के आणि प्रथिनांतून १९ ते २० टक्के ऊर्जा यावी, असे त्यात निघाले. लक्षात घ्या, ६२ वरून ५० कडे जायचे आहे. कीटोसारखे १० च्या खाली नव्हे. आजोबांच्या तीन भाकरींच्या दोन करणे आणि वरण घट्ट करणे, एवढ्याने त्या दिशेने बरीच मजल मारता येते.

बाळापूरच्या शिवाराकडे आता पुन्हा पाहा. ज्वारीत १०० ग्रॅममागे सुमारे १० ग्रॅम प्रथिने असतात. तुरीच्या डाळीत सुमारे २२, शेंगदाण्यात सुमारे २५ आणि सोयाबीनमध्ये ४० च्या आसपास. प्रथिनांची एवढी पिके ज्या भागातून पोत्यांनी बाहेर जातात, तिथल्याच कित्येक घरांत वरण पातळ असते. त्यामागे पैशाची ओढाताण आहे, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच बदामाचे पीठ आणि परदेशी फळे सुचवणारा सल्ला इथे हास्यास्पद ठरतो. हरभऱ्याची उसळ, शेंगदाणे, ताक, जमल्यास अंडे, नीट शिजवलेले सोयाबीन हे इथल्या बाजारात मिळते. सोयाबीन कच्चे मात्र खाऊ नये. त्यातले काही घटक प्रथिनांच्या पचनात अडथळा आणतात आणि ते शिजवल्याने बरेचसे निष्प्रभ होतात.

तुमच्यापैकी कोणी बारीक दिसण्यासाठी स्वतःच कीटो करू पाहत असेल, तर माझे सांगणे स्पष्ट आहे : करू नका. तुमचे वय वाढीचे आहे. तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलामुलींना दिवसाला साधारण २४०० ते २८०० कॅलरी लागतात. काटेकोर कीटोप्रमाणे त्यातल्या ९० टक्के स्निग्ध पदार्थांतून घ्यायच्या, तर रोज पाव किलोच्या आसपास तेलतूप पोटात जाईल. अपस्माराच्या मुलांची वाढ तज्ज्ञांच्या देखरेखीखालीही मंदावते, मग देखरेखीशिवाय निरोगी मुलाने हा धोका का पत्करावा? वजन खरोखर जास्त असेल, तर साखरेची पेये, तळलेली पाकिटे आणि बेकरीचे पदार्थ आधी बंद करा, रोज तासभर खेळा आणि डॉक्टरांना विचारा.

शेवटी एक काम देतो. घरी भाकऱ्या थापायच्या वेळी एका भाकरीला किती पीठ लागते, ते किराणा दुकानातल्या तराजूवर किंवा शाळेच्या प्रयोगशाळेत तोलून पाहा. शिजवण्यापूर्वी घरातल्या सर्वांसाठी किती डाळ घेतली, तेही मोजा आणि माणशी भागाकार करा. वर दिलेल्या आकड्यांवरून तुमच्या स्वतःच्या ताटात पिष्टमय पदार्थ किती आणि प्रथिने किती, हे आठवडाभर वहीत मांडा. ती वही विज्ञानाच्या शिक्षकांना दाखवा आणि वरण किती घट्ट करायला हवे, याचा हिशेब घरी आईवडिलांपुढे ठेवा.